औषधांचा करार वाचणारं माणूस

गेल्या अंकात मी अमेरिकेतल्या कंपन्या कर्मचाऱ्यांना देतात त्या औषधयोजनांबद्दल लिहिलं होतं. पैसे कंपनीचे आणि कर्मचाऱ्यांचे, पण कुठलं औषध यादीत घ्यायचं, दुकानदाराला किती द्यायचे, मालकाला किती बिल लावायचं, हे सगळं ठरवते मधली कंपनी, म्हणजे पीबीएम (फार्मसी बेनिफिट मॅनेजर). त्यात जाता जाता एक वाक्य होतं की हा कारभार सांभाळायला शिकवणारी सर्टिफिकेशन्सही आहेत. बहुतेक पत्रं त्या एका वाक्यावरच आली. मी आधी फार्मसीच्या काउंटरवर, मग एका पीबीएमच्या क्लेम विभागात आणि पुढे बरीच वर्षं एका कंपनीच्या बेनिफिट्स खात्यात काम केलं. तिन्ही बाजूंनी हा व्यवहार पाहिला आहे, त्या अनुभवावरून उत्तरं देते.

प्रश्न : ताई, मी ओहायोतल्या एका कारखान्यात एचआरमध्ये बेनिफिट्स बघते. सहाशे कर्मचारी आहेत, प्लॅन सेल्फ-फंडेड आहे. औषधांचा खर्च दरवर्षी वाढतोय, आणि करार नव्याने करायच्या मीटिंगमध्ये ब्रोकर आणि पीबीएमची माणसं जे आकडे दाखवतात ते मला अर्धेच कळतात. साहेब म्हणतात, कोर्स करा, पैसे कंपनी भरेल. सीईबीएस करू की फक्त औषधांचं सर्टिफिकेशन? नावापुढे अक्षरं लागण्यापलीकडे त्याचा उपयोग होतो का?

होतो, आणि तुमच्या खुर्चीवर बसलेल्या माणसाला सगळ्यात जास्त होतो. सेल्फ-फंडेड म्हटलं की मागे विमा कंपनीचा पैसा नसतो, प्रत्येक गोळीचं बिल तुमची कंपनी भरते. १९७४च्या एरिसा कायद्याप्रमाणे असा प्लॅन चालवणाऱ्यांवर विश्वस्ताची जबाबदारी येते. निर्णय सभासदांच्या हिताचाच हवा, आणि त्या विषयातला जाणकार जितकी काळजी घेईल तितकी घेऊन केलेला हवा. 'मला त्यातलं कळत नव्हतं, ब्रोकरवर सोडलं होतं' हे उत्तर तिथे चालत नाही. २०२१च्या कन्सॉलिडेटेड अप्रोप्रिएशन्स कायद्याने तर ठरावीक कामंच लावून दिली आहेत. दरवर्षी १ जूनपर्यंत औषधखर्चाची माहिती सरकारकडे पाठवायची, ३१ डिसेंबरपर्यंत लिहून द्यायचं की आमच्या करारात किमतीची माहिती दडवून ठेवणारं कलम नाही, आणि ब्रोकर किंवा सल्लागार आपल्या प्लॅनमधून काय कमावतो ते त्याच्याकडून लेखी घ्यायचं. यातलं बरंचसं काम पीबीएम किंवा टीपीए (प्लॅनचे क्लेम आणि कागदपत्रं सांभाळणारी बाहेरची कंपनी) तुमच्या वतीने करून देतात. जबाबदारी मात्र तुमच्याच दारात राहते.

हे नुसतं कागदावर राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२४मध्ये जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका कर्मचारी महिलेने आपल्याच कंपनीवर न्यू जर्सीच्या फेडरल कोर्टात दावा लावला. त्यातला आरोप असा होता की मल्टिपल स्क्लेरोसिसवरच्या टेरिफ्लुनोमाइड या जेनेरिक औषधाच्या ९० गोळ्यांना प्लॅनने १०,००० डॉलरहून जास्त मोजले, आणि त्याच गोळ्या विमा न वापरता बाहेरच्या दुकानांत २८ ते ७७ डॉलरला मिळत होत्या. जानेवारी २०२५मध्ये कोर्टाने मुख्य आरोप काढून टाकले. कारण दिलं ते असं, की त्या महिलेचं स्वतःचं नुकसान दावा चालवण्याइतकं दाखवलं गेलं नाही. किंमत योग्य होती असं कोर्ट म्हणालं नाही. त्या दाव्यानंतर बेनिफिट्सच्या कमिट्यांमध्ये औषधांचा करार टेबलावर येऊ लागला हे मी स्वतः पाहिलंय.

आता कोर्सचं. सीईबीएस हे इंटरनॅशनल फाउंडेशन ऑफ एम्प्लॉयी बेनिफिट प्लॅन्स आणि व्हॉर्टन स्कूल यांचं जुनं, मानाचं सर्टिफिकेशन आहे. अमेरिकेसाठी त्याचे पाच भाग आहेत. आरोग्याच्या बाजूचे तीन केले की जीबीए हे अलग पद मिळतं. त्यात वैद्यकीय विमा, आयुर्विमा, अपंगत्व, योजनेची आखणी, कायदा असा मोठा पट आहे आणि औषधं हा त्यातला एक कोपरा. फक्त औषधांवरचं म्हणाल तर सर्टिफाईड फार्मसी बेनिफिट्स स्पेशालिस्ट, म्हणजे सीपीबीएस आहे. त्यात पीबीएमचे करार, किमती आणि योजनेची रचना यांवरच भर असतो. तुमचं दुखणं त्या मीटिंगमधल्या आकड्यांचं आहे, तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : आधी औषधांचं करा. जीबीए नंतर सावकाश करता येईल. कंपनीच्या बाजूने हा प्लॅन सांभाळायला कायद्याने कुठलाही परवाना लागत नाही, त्यामुळे यातलं कुठलंच सर्टिफिकेशन सक्तीचं नाही. ते घ्यायचं ते समोरच्याला योग्य प्रश्न विचारता यावेत म्हणून.

योग्य प्रश्न कसा असतो ते एका कलमावरून दाखवते. पीबीएमच्या करारात लिहिलेलं असतं की जेनेरिक औषधांवर वर्षभरात सरासरी एडब्ल्यूपीच्या ८५ टक्के सूट देऊ. एडब्ल्यूपी ही छापील घाऊक किंमत. त्या भावाने प्रत्यक्षात कुणी खरेदी करत नाही, पण करारातली सगळी गणितं तिच्यावर बांधलेली असतात. समजा, तुमच्या जेनेरिक औषधांची एडब्ल्यूपी वर्षाला १० लाख डॉलर झाली. ८५ टक्के सूट म्हणजे तुम्ही दीड लाख भरायला हवेत. मीटिंगमध्ये पडद्यावर येतं, '८६ टक्के सूट मिळाली, हमी पूर्ण.' सगळे माना डोलावतात.

त्याच वेळी कराराच्या शेवटी जोडलेल्या व्याख्यांच्या पानावर जा. तिथे 'जेनेरिक' या शब्दाची व्याख्या असते आणि तिच्यात बहुधा एक अपवाद असतो, तो सिंगल-सोर्स जेनेरिकचा. एखाद्या औषधाचं पहिलं जेनेरिक आणणाऱ्या कंपनीला १९८४च्या हॅच-वॅक्समन कायद्याने १८० दिवस एकटीने विकायची मुभा मिळू शकते, आणि त्या काळात किंमत फारशी उतरत नाही. करार म्हणतो, अशी औषधं जेनेरिकच्या हमीतून वगळू आणि ब्रँडमध्ये धरू. आता आपल्या उदाहरणातल्या १० लाखांपैकी १ लाखाची औषधं अशी आहेत आणि त्यांच्यावर सूट फक्त २५ टक्के आहे असं धरा. त्यांचे तुम्ही ७५,००० भरले. उरलेल्या ९ लाखांवर ८६ टक्के सूट मिळून १,२६,००० भरले. एकूण झाले २,०१,०००. सगळी औषधं हमीत असती तर दीड लाखाच्या वरचे ५१,००० डॉलर पीबीएमने तुम्हाला परत द्यायचे होते. अपवादामुळे परत काहीच येत नाही. त्यातही ब्रँडवरची हमी समजा २० टक्क्यांची असली, तर ही २५ टक्केवाली औषधं त्या रकान्यात जाऊन तिथलीही सरासरी चांगली दाखवतात. पडद्यावर दोन्ही ओळी हिरव्या दिसतात.

कोर्समधून हे वाचायची नजर येते. कुठलं औषध ब्रँड आणि कुठलं जेनेरिक हे ठरवायला मेडी-स्पॅन या औषधांच्या डेटाबेसची एम, ओ, एन, वाय ही चार अक्षरं वापरतात. वाय म्हणजे जेनेरिक. करारात ही अक्षरं नावानिशी लिहून घ्या, 'पीबीएमच्या स्वतःच्या पद्धतीप्रमाणे' असं मोघम काही राहू देऊ नका.

तुमच्याच राज्यातली एक गोष्ट सांगते. २०१८मध्ये ओहायोच्या स्टेट ऑडिटरने मेडिकेडचा, म्हणजे कमी उत्पन्नाच्या लोकांसाठीच्या सरकारी आरोग्ययोजनेचा, हिशेब तपासला. पीबीएमनी दुकानदारांना दिलेले पैसे आणि त्याच औषधांसाठी मेडिकेडच्या योजनांना लावलेलं बिल यांत एका वर्षात २२ कोटी ४८ लाख डॉलरचा फरक निघाला. यालाच स्प्रेड म्हणतात. जेनेरिकवर तो ३१ टक्क्यांहून जास्त होता. तो सरकारी कार्यक्रम होता म्हणून आकडा बाहेर आला. खासगी प्लॅनमध्ये आपला आकडा आपणच मागावा लागतो.

रिबेटचंही तसंच. रिबेट म्हणजे औषध यादीत घेतल्याबद्दल औषध कंपनी मागाहून परत देते ते पैसे. '१०० टक्के रिबेट तुम्हाला देतो' हे वाक्य तुम्ही नक्की ऐकलं असेल. तिन्ही मोठ्या पीबीएमनी औषध कंपन्यांशी वाटाघाटी करायला अलग कंपन्या काढल्या आहेत : सीव्हीएसची झिंक, एक्सप्रेस स्क्रिप्ट्सच्या बाजूची असेंट, ऑप्टमची एमिसार. औषध कंपनीने मोजलेल्या पैशांतून तिथे कुठली फी कापली जाते आणि पीबीएमच्या हाती पडलेल्या रकमेलाच 'रिबेट' म्हटलंय का, हे पुन्हा त्या व्याख्यांच्या पानावर ठरतं. उत्पादकाकडून मिळणारी प्रशासकीय फी आणि किंमतवाढीची भरपाई हे दोन शब्द तिथे आहेत का, ते आधी शोधा.

ऑडिटचं कलम मात्र सगळ्यांच्या आधी वाचा. मी ज्या कंपनीत होते तिथल्या करारात लिहिलं होतं की ऑडिट वर्षातून एकदा, पीबीएमला मान्य असलेल्या ऑडिटरकडून, आणि त्यांनी निवडलेल्या थोड्या क्लेमचंच. आम्हाला सगळी क्लेम फाइल हवी होती. महिनोन्महिने पत्रव्यवहार झाला आणि शेवटी नव्या करारात ते कलम बदलून घेतलं तेव्हाच फाइल मिळाली. तुमचा करार कधी संपतो ते आजच बघा. मुदतीच्या दोन-तीन महिने आधी जागं झालं तर फार उशीर होतो, वर्षभर आधी सुरुवात केली तर नवा करार तुमच्या अटींवर करायला सवड मिळते.

प्रश्न : मी २०१२ साली पुण्यातून बी.फार्म. केलं. लग्नानंतर टेक्सासला आले. आता एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर ईएडी, म्हणजे नोकरी करायची परवानगी, मिळाली आहे. इथे फार्मसिस्टचं लायसन्स मिळत नाही असं कळल्यावर फार निराश झाले. फार्मसी बेनिफिट्सचं सर्टिफिकेशन केलं तर नोकरी मिळेल का?

तुमची निराशा मी समजू शकते. असं पत्र मला दरवर्षी कुणा ना कुणाचं येतंच. इतर वाचकांसाठी नियम सांगते. बाहेरच्या देशात शिकलेल्या फार्मसिस्टला इथे आधी एनएबीपी या फार्मसी बोर्डांच्या राष्ट्रीय संघटनेचं एफपीजीईसी प्रमाणपत्र लागतं. १ जानेवारी २००३ किंवा त्यानंतर पदवी घेतलेल्यांचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा असावा लागतो. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं, म्हणून तो दरवाजा बंद. भारतातून फार्म.डी. केलेल्यांना तो उघडा आहे.

तुमच्या मुख्य प्रश्नाचं उत्तर : नुसत्या सर्टिफिकेशनवर नोकरी मिळणार नाही. ही सर्टिफिकेशन्स बहुतेक करून या क्षेत्रात आधीच काम करणाऱ्यांसाठी बांधलेली आहेत, बेनिफिट्स मॅनेजर, ब्रोकर, सल्लागार यांच्यासाठी. नोकरी देणारा आधी अनुभव बघतो. म्हणून तुम्ही क्रम उलटा लावा, आधी दारात पाय, मग सर्टिफिकेशन.

पाय ठेवायला जागा आहेत. पीबीएम आणि विमा कंपन्यांमध्ये प्रायर ऑथरायझेशनचे, म्हणजे औषध देण्याआधी घ्यायच्या मंजुरीचे, अर्ज तपासणारे, क्लेमची चौकशी करणारे, फॉर्म्युलरी (प्लॅनची औषधयादी) आणि रिबेटचे ॲनालिस्ट लागतात. यातल्या बऱ्याच कामांना फार्मसिस्टचं लायसन्स लागत नाही. पीटीसीबीची सीपीएचटी ही टेक्निशियनची परीक्षा तुम्हाला अवघड जाणार नाही, आणि प्रायर ऑथरायझेशनच्या जाहिरातींत ती वारंवार मागतात. तिला बसण्याच्या अटी आणि टेक्सासची नोंदणी दोन्ही आधी तपासून घ्या. टेक्निशियन हा शब्द मनाला लावून घेऊ नका. मी काउंटरवर होते तेव्हा दिवसभर नाकारलेले क्लेम पाहिले. कुठला रिजेक्ट कोड कशामुळे येतो, रुग्ण कुठे अडतो, दुकानदार कुठे अडतो, हे तिथे शिकले ते पुढे ऑफिसात बसलेल्या कुणीही मला शिकवू शकलं नसतं.

तुमची खरी ताकद औषधांचं ज्ञान आहे. या क्षेत्रात एक्सेल येणारे खूप आहेत. यादीवर नजर टाकून 'हे दोन क्षार एकच काम करतात, मग महागडा का घेतलाय?' असं विचारणारे फार थोडे. महागडी कॉम्बिनेशन गोळी आणि तिच्यातली दोन स्वस्त घटकद्रव्यं, किंवा ३० मिलीग्रॅमच्या जागी दिलेल्या १५च्या दोन गोळ्या, असं काही तुम्हाला सहज दिसेल. त्याला हिशेबाची जोड द्या. सीएमएस ही सरकारी संस्था दुकानदारांच्या सरासरी खरेदी-किमती एनएडीएसी या नावाने दर आठवड्याला फुकट प्रसिद्ध करते. राज्यवार मेडिकेडमध्ये कुठल्या औषधाला किती पैसे दिले गेले, ती फाइलही तिथेच फुकट मिळते. टेक्सासची एका तिमाहीची फाइल घ्या, मधुमेहाची आठ-दहा जेनेरिक निवडा, दर गोळीमागे दिलेले पैसे आणि एनएडीएसी समोरासमोर ठेवा. औषधांचे एनडीसी नंबर (प्रत्येक औषधाच्या पॅकचा ओळख क्रमांक) जुळवताना कधी दहा आकडे, कधी अकरा, मध्ये शून्य घालावं लागतं. ही कटकट सोडवताना जे शिकाल ते मुलाखतीत सांगता येईल. दोन पानांचा अहवाल करा आणि अर्जासोबत जोडा. असे अर्ज आमच्याकडे आले की मी ते वर ठेवत असे.

वर्षभर काम झालं की मग सर्टिफिकेशन घ्या. तेव्हा त्याचं वजनही वाढेल, आणि कदाचित फी कंपनीच भरेल.

प्रश्न : मी शिकागोजवळ छोट्या कंपन्यांना ग्रुप हेल्थ विकणारा ब्रोकर आहे. गिऱ्हाइकं औषधांबद्दल विचारू लागली आहेत. सर्टिफिकेशनमुळे धंदा वाढेल का?

वाढेल. तुमच्या धंद्यात औषधांचा करार खरोखर वाचणारे थोडे आहेत, आणि गिऱ्हाइकाला ते पहिल्या भेटीतच कळतं. पण कोर्सच्या आधी एक काम करा. पीबीएम किंवा मधल्या कुणाकडून तुम्हाला दर प्रिस्क्रिप्शनमागे, किंवा गिऱ्हाइक आणून दिल्याबद्दल काही मिळतं का, ते कागदावर मांडा. ग्रुप हेल्थ प्लॅनवर तुमची थेट आणि आडून येणारी कमाई मिळून १,००० डॉलर किंवा त्याहून जास्त होण्यासारखी असेल तर ती करार होण्याआधी गिऱ्हाइकाला लेखी सांगणं २०२१च्या कायद्याने बंधनकारक आहे. जो ब्रोकर हा कागद न मागता पुढे ठेवतो, त्याच्या सल्ल्यावर मालक विश्वास ठेवतो. पीबीएमकडून पैसे घेऊन मालकाच्या बाजूने त्याच पीबीएमशी भांडता येतं, असं मला वाटत नाही. सल्ल्याची फी मालकाकडूनच घ्या आणि उघड घ्या.

प्रश्न : माझ्या पत्नीला संधिवात आहे. अनेक वर्षं ह्युमिरा चालू होतं आणि ती छान सावरली होती. वर्षाच्या मध्ये पत्र आलं की ते यादीतून काढलंय, बायोसिमिलर घ्या. एचआरला विचारलं तर उत्तर आलं, 'तो पीबीएमचा निर्णय आहे, आमच्या हातात नाही.' कंपनीत या विषयात शिकलेलं कुणी असायला नको का? आणि आम्ही आता काय करायचं?

असायला हवं. 'आमच्या हातात नाही' हे उत्तर मला पटत नाही. प्लॅन सेल्फ-फंडेड असेल तर पीबीएमची तयार फॉर्म्युलरी स्वीकारायची की त्यात बदल करून घ्यायचा, हा निर्णय मालकाने कधीतरी सही करून घेतलेला असतो. बदल मागितला तर काही रिबेट कमी होतील असं पीबीएम सांगते, आणि मालक बहुधा तिथेच थांबतो. शिकलेलं माणूस तिथे असतं तर त्याने निदान विचारलं असतं : वर्षाच्या मध्ये यादी बदलायची मुभा करारात का ठेवली, आणि चालू रुग्णांना जुनं औषध किती महिने मिळेल?

आधी पत्नीच्या काळजीचं बोलू. ह्युमिराचे बायोसिमिलर, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांनी बनवलेली जवळजवळ तशीच औषधं, अमेरिकेत २०२३पासून मिळतात, आणि १ एप्रिल २०२४पासून सीव्हीएस केअरमार्कने आपल्या मोठ्या याद्यांमधून ह्युमिरा काढलं, त्यामुळे असं पत्र पुष्कळ घरांत आलं. बायोसिमिलरला मंजुरी देताना एफडीए ही सरकारी औषध-नियामक संस्था हे तपासते की मूळ औषधाच्या तुलनेत सुरक्षितता, शुद्धता आणि परिणाम यांत रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण फरक नाही. औषध बदलूनही बहुतेक रुग्ण ठीक राहतात. तेव्हा आधी र्‍हुमॅटॉलॉजिस्टशी बोला. ते म्हणाले बदलायला हरकत नाही, तर भांडण्यात शक्ती घालवू नका. नव्या पेनमधलं औषध किती तीव्रतेचं आहे, त्यात सायट्रेट आहे का आणि सुई कशी आहे तेवढं विचारून घ्या. इंजेक्शन दुखण्याशी या गोष्टींचा संबंध असतो.

डॉक्टरांना बदल धोक्याचा वाटत असेल, पूर्वी बदलून त्रास झाला असेल, तर त्यांच्याकडून अपवादाचा अर्ज पाठवा. पत्रात कुठलं औषध कधी घेतलं, काय झालं, कुठल्या तारखेच्या तपासणीत काय दिसलं, हे हवं. 'रुग्ण स्थिर आहे' या एका ओळीवर अर्ज नाकारले जातात. नकार आला की अपील करायला १८० दिवस असतात. तातडीचं असेल तर डॉक्टरांनी तसं लिहायला हवं, मग ७२ तासांच्या आत उत्तर द्यावं लागतं. आतलं अपील संपलं आणि निर्णय वैद्यकीय मतावर ठरलेला असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या स्वतंत्र परीक्षणाची मागणी करता येते. जुन्या, सूट मिळालेल्या प्लॅनचा अपवाद सोडला तर हा हक्क सेल्फ-फंडेड प्लॅनमध्येही आहे, आणि बाहेरच्या परीक्षकाचा निर्णय प्लॅनवर बंधनकारक असतो.

याच्या बरोबरीने प्लॅन ॲडमिनिस्ट्रेटरला एक लेखी पत्र द्या की समरी प्लॅन डिस्क्रिप्शन (प्लॅनची माहितीपुस्तिका) आणि प्लॅन ज्यावर चालतो ते दस्तऐवज पाठवा. एरिसाप्रमाणे ते ३० दिवसांत द्यायचे असतात, टाळाटाळ केली तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. या पत्रानंतर एचआरमध्ये कुणीतरी पहिल्यांदा ती फाइल उघडतं, हे मी आतून पाहिलेलं आहे. तिथेच विनंती करा की बेनिफिट्स कमिटीतल्या एकाला तरी औषधांचं प्रशिक्षण द्यावं. पाच-दहा कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या तर वजन पडतं.

आणखी एक गोष्ट बघून ठेवा. उत्पादकाचं कोपे कार्ड (तुमच्या वाट्याचे पैसे भरून देणारं) वापरत असाल तर त्यातून भरलेले पैसे तुमच्या डिडक्टिबलमध्ये (प्लॅन पैसे द्यायला लागण्याआधी तुम्ही भरायची रक्कम) धरले जातात का? अनेक प्लॅनमध्ये कोपे ॲक्युम्युलेटर नावाची तरतूद असते, कार्डाचे पैसे संपले की सगळा डिडक्टिबल पुन्हा तुमच्या खिशातून सुरू होतो. औषध महागडं असलं की हा धक्का मोठा बसतो.

प्रश्न : मी पन्नाशी ओलांडली आहे, पेरोलमधून बेनिफिट्समध्ये आले. गणिताची धास्ती आहे. आणि इतक्या कोर्सच्या जाहिराती येतात, त्यातला खरा कुठला ते कसं ओळखायचं?

पेरोल केलंय ना, मग गणिताची धास्ती सोडा. वर मांडलेला ५१,००० डॉलरचा हिशेब याहून अवघड होत नाही. बेरीज, वजाबाकी, टक्केवारी, आणि चिकाटी. पन्नाशीतली माणसं यात चांगली निभावतात, कारण करार सावकाश वाचायचा धीर त्यांच्याकडे असतो.

कोर्स निवडताना तो कोण चालवतं ते आधी बघा. चालवणाऱ्याचा स्वतःचा पीबीएमचा किंवा सल्ल्याचा धंदा असेल तर कोर्स वाईट असेलच असं नाही, पण उदाहरणं कुणाच्या सोयीची निवडली आहेत तिकडे लक्ष ठेवा. दोन दिवस बसलं की हातात मिळतो तो हजेरीचा कागद वेगळा, आणि परीक्षा घेऊन, दर काही वर्षांनी पुन्हा अभ्यास करायला लावून टिकवावं लागतं ते सर्टिफिकेशन वेगळं. तुमच्याकडे एसएचआरएम-सीपी किंवा पीएचआर हे एचआरचं सर्टिफिकेशन असेल तर या कोर्सचे तास तिथे धरले जातील का ते विचारा, दोन्हींना तीन वर्षांत ६० क्रेडिट लागतात.

अभ्यासक्रमात स्पेशालिटी औषधांना, म्हणजे गंभीर आजारांवरच्या महागड्या औषधांना, किती जागा दिली आहे तेही बघा. ती घेणारे रुग्ण थोडे, पण खर्चाचा निम्मा किंवा त्याहून मोठा वाटा त्यांचा असतो. जानेवारी २०२५च्या अहवालात एफटीसी या सरकारी व्यापार-नियामक संस्थेने दाखवलं की तिन्ही मोठ्या पीबीएमच्या स्वतःच्या फार्मसींनी २०१७ ते २०२२ या काळात स्पेशालिटी जेनेरिकवर अंदाजे खरेदी-किमतीच्या वर ७३० कोटी डॉलरहून जास्त मिळवले. तुमच्या प्लॅनने ही औषधं पीबीएमच्याच फार्मसीतून घ्यायची सक्ती केली आहे का, आणि ती सैल कशी करायची, हे ज्या कोर्समध्ये येत नाही तो अपुरा आहे.

आणि फी भरण्याआधी त्यांना एकच विचारा : वर्गात खरा करार आणि नावं काढून टाकलेली खरी क्लेम फाइल हाताळायला मिळेल का? नुसत्या स्लाइड असतील तर दुसरा कोर्स शोधा.